पाळकाचा शब्बाथ कोणत्या वारी?

"ताई, रविवार तर मी देवाच्याच घरात घालवतो. आणखी वेगळा शब्बाथ कशाला? आणि नेमका त्याच दिवशी कुणी गेलं तर?"

चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, माझ्याकडे समुपदेशनाला आले की हा प्रश्न निघतोच. शब्बाथ म्हणजे बायबलमधला आठवड्याचा विसाव्याचा दिवस. यावेळी विचारणारे पाळक पत्नीच्या आग्रहावरून आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता त्यांचा हात तीनदा फोनकडे गेला. फोन वाजलाही नव्हता.

झोप तुटलेली, चर्चच्या मंडळीतल्या माणसांचा मनातून कंटाळा, आणि त्या कंटाळ्याची लाज. "घरी स्तोत्र वाचायला घेतलं तरी मनात प्रवचनाचे मुद्दे पडायला लागतात," ते म्हणाले. मला सगळ्यात जास्त हे वाक्य लागलं. या माणसाला स्वतःसाठी वाचायला बायबलच उरलं नव्हतं.

झोपेसाठी मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थकवा आणि नैराश्य वरून सारखेच दिसतात, तिथे अंदाजावर चालू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात कामातून येणाऱ्या या गळाठ्याची (बर्नआउट) नोंद केली. ती आजार म्हणून नाही, तर न आवरलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हणून. शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं, ही तिची तीन अंगं. तिन्ही माझ्यासमोर बसली होती.

मग त्यांच्याच पुस्तकाकडे वळलो. बायबलमधल्या गणना २८ मध्ये रोजच्या दोन कोकरांवर शब्बाथाला आणखी दोन अर्पायची आहेत. म्हणजे सगळे विसावत तेव्हा याजकाचं, मंदिरातल्या पुरोहिताचं, काम दुप्पट. मत्तय १२ मध्ये येशू म्हणतो की मंदिरात याजक शब्बाथ मोडतात तरी निर्दोष असतात. तेव्हा रविवारी राबण्यात दोष नाही, पण त्या राबण्याला विसावा म्हणता येणार नाही. त्यांनी वहीत लिहायला पेन काढलं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, हे प्रवचनासाठी नाही."

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्यावर मात्र आम्ही बराच वेळ थांबलो. तो झुडपाखाली मरण मागतो, आणि देवदूत त्याला विश्वास कमी पडला म्हणून झापत नाही. भाकर, पाणी, झोप. पुन्हा उठवून भाकर, पाणी. देवाची मंद वाणी ऐकू येते ती त्यानंतर, चाळीस दिवसांनी. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले.

वार ठरवताना ते सोमवार म्हणाले. मला सोमवार पटत नाही. त्या दिवशी रविवारचा शीण असतो, माणूस नुसता पडून राहतो. लेवीय २३ मधल्यासारखं संध्याकाळ ते संध्याकाळ धरलं: गुरुवार ते शुक्रवार. फोन मंडळीतल्या एका 'वडिलांकडे', म्हणजे मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठाकडे. कुणाचं निधन झालं तर जायचंच, पण हुकलेला दिवस त्याच आठवड्यात भरून काढायचा. हे मंडळीला उपासनेत उघड सांगायचं, चोरून सुट्टी घ्यायची नाही.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी लपून प्रवचनाची तयारी केली. तिसऱ्यात दुपारी झोपले.

पाचव्या आठवड्यात एका आजीला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. वडील गेले, प्रार्थना केली, पहाटेपर्यंत थांबले. पाळकसाहेबांना शुक्रवारी संध्याकाळी कळलं. "आजी बऱ्या आहेत," ते मला म्हणाले, आणि बराच वेळ गप्प राहिले. "पण ताई, माझ्यावाचून अडलं नाही याचं वाईट वाटलं."

आमचं पुढचं सत्र तिथूनच सुरू झालं.