फिजिओथेरपिस्टची नोंदणीच नसेल तर दाद कुठे मागायची?

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, मधुमेही. गुडघेदुखीसाठी तालुक्याच्या गावी एका फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये जात होती. चार महिन्यांपूर्वी तिथे हॉट पॅकने (शेक देण्याच्या गरम पिशवीने) गुडघा भाजला, त्वचारोपण करावं लागलं, १८ दिवस ती अंथरुणावर होती. उपचार करणाऱ्याकडे जेमतेम वर्षभराचा डिप्लोमा आहे, असं आता कळलं. परिषदेकडे तक्रार केली तर भरपाई मिळेल का?

उत्तर : नाही, परिषद भरपाई देत नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी २००२ च्या राज्य कायद्याखालच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे होते. परिषदेच्या हातातलं मोठं हत्यार म्हणजे नोंदवहीतून नाव काढणं. ज्याचं नावच तिथे नाही, त्याचं ती काय काढणार? म्हणून आधी नोंदणीचा सोक्षमोक्ष लावा.

परिषदेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच : अमुक पत्त्यावरच्या अमुक व्यक्तीची उपचाराच्या तारखेला नोंदणी होती का, असल्यास क्रमांक आणि पात्रता काय. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. 'नोंदणी नाही' असं लेखी आलं की तुमची निम्मी केस उभी राहिली. फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिप धरून किमान साडेचार वर्षांची असते. वर्षभराचा डिप्लोमा तिची जागा घेत नाही.

क्लिनिकच्या फलकावर नावाआधी 'डॉ.' असेल, तर त्यावर मात्र तक्रार उभी करू नका. आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ ला फिजिओथेरपिस्टनी ही उपाधी लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. त्या वादात तुमच्या आईंची जखम बाजूला पडेल.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार चालते. आयोगाचं शुल्क तुम्ही मोजलेल्या फीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत शून्य. पावत्या दिल्या नसतील तर यूपीआयच्या नोंदी काढून ठेवा, पैसे घेऊन सेवा दिल्याचा तोच पुरावा.

निष्काळजीपणा दाखवायला तुमच्याकडे भक्कम मुद्दा आहे. हॉट पॅक ७० अंशांच्या वर तापलेल्या पाण्यातून निघतो. तो टॉवेलच्या सहा ते आठ पदरांत गुंडाळून ठेवायचा आणि मधूनमधून कातडी बघायची, ही रोजची पद्धत. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका कळतच नाही, म्हणून शेक देण्याआधी गरम-थंड ओळखता येतं का ते तपासावं लागतं. ती तपासणी केल्याची नोंद दाखवा, असं क्लिनिककडे रजिस्टर्ड पोस्टाने मागा. नोंद नसेल तर तेही आयोगापुढे बोलतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा निकाल तक्रारीत जरूर घाला. मुंबईतल्या त्या प्रकरणात होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली होती. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने ठरवलं.

पोलिसांतही जा. भारतीय न्याय संहितेत १५ दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत, तर ती गंभीर दुखापत धरतात (जुन्या कायद्यात हे २० दिवस होते). आईंचे १८ दिवस त्यात बसतात. म्हणून डिस्चार्ज कार्डवर दाखल आणि सुट्टीच्या तारखा आहेत ना, आणि कारणाच्या जागी नुसतं 'बर्न' न लिहिता 'हॉट पॅकमुळे' असं आहे ना, ते आजच बघा. नसेल तर उपचार केलेल्या डॉक्टरांकडून वेगळा दाखला घ्या. कलम १२५ खाली अशा दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ठाण्यात 'ग्राहक मंचात जा' म्हणाले तर लेखी तक्रारीची पोच घ्या, तीच प्रत पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरीही हलले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

क्लिनिकवाला दवाखान्याचं बिल भरतो म्हणाला, तर पैसे घ्यायला हरकत नाही. पण 'आमची काही तक्रार नाही' असं लिहिलेल्या कागदावर आईंची सही होऊ देऊ नका. पावतीवर 'उपचार खर्चापोटी, हक्क राखून' एवढंच लिहा.