जामिनाचा हुकूम आणि जामीनदार

चि.,
अनेक आशीर्वाद. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर वकील म्हणून नाव लागताच तू तुरुंगातल्या महिला बराकीत जाऊन आलीस, हे वाचून बरे वाटले. कायदा स्त्रियांना झुकते माप देतो, मग या बाया अजून आत का, असे तू विचारतेस.

झुकते माप आहे खरे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यातही स्त्रीला जामीन देण्याची मुभा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३७ मध्ये होती, ती १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० मध्येही आहे. पण हुकूम होऊनही बाई आत राहते, तेव्हा अडते ते जामीनदारापाशी. पुरुष आत गेला की आई, बायको, बहीण कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. बाई आत गेली की पुष्कळदा माहेरही दार लावून घेते, आणि फिर्यादी सासरचाच असेल तर बोलायलाच नको. माझी एक अशील म्हणाली होती, "ऐपतीचा दाखला कुणाच्या नावानं आणू? शेत नवऱ्याचं, घर सासऱ्याचं." त्या एका वाक्यावर मी तिचा जातमुचलक्याचा, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सुटण्याचा, अर्ज उभा केला.

तूही तसेच कर. 'बिचारी, लेकुरवाळी' अशी विनवणी मीही वर्षानुवर्षे केली (तिने काम भागते, हे नाकारत नाही), पण 'चांगली आई' पाहून द्रवणारे न्यायासन घर सोडून गेलेल्या बाईशी दुप्पट कठोर होताना मी पाहिले आहे. जिच्या नावावर काहीच नाही तिच्याकडे ऐपतदार जामीनदार मागणे म्हणजे दिलेला जामीन परत घेणे, हा मुद्दा दयेचा नसून समानतेचा आहे.

पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईतल्या पंधरा बंदिवान स्त्रियांना बोलते केले, तेव्हा पाच जणींनी पोलीस कोठडीतल्या मारहाणीचे सांगितले. त्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला शिपायांचा पहारा आणि महिला पोलिसांसमक्षच चौकशी, असे निर्देश दिले. अशा गोष्टी बाई बोलती झाली तरच कळतात, म्हणून भेटीत कागद लगेच उघडू नकोस. मुले कुठे आहेत, ते आधी विचार. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, त्याहून मोठे कुणाकडे आहे यावरून तिच्यासाठी बाहेर कोण उरले आहे तेही कळते.

आणि पुढच्या खेपेस कोऱ्या वकीलपत्रांबरोबर शाईचे पॅड ने. अंगठा घ्यायला तिथे ते वेळेवर कधीच सापडत नाही.