२५ जणांच्या ऑफिसला दोन कंपन्यांच्या फायबर लाइन घेतोय, राउटर कुठला घ्यावा?

राउटरचं नंतर बघा. आधी दोन्ही लाइनवाल्यांना विचारा, तुमची केबल आमच्या आवारात नेमकी कुठून शिरते? कंपन्या दोन म्हणून वाटाही दोन, असं नसतं.

हे मी भोसरीच्या एका कारखान्यात शिकलो. कॉम्प्युटरचं सगळं माझ्या गळ्यात, खरेदी शेठच्या मेहुण्यांकडे. मी घसा कोरडा करत होतो की दुसरी लाइन हवेतून घेऊ, गच्चीवर अँटेना लावू. मेहुण्यांचं एकच पालुपद: "दोन कंपन्यांचं फायबर आहे, अजून काय पाहिजे?" मार्चअखेरीला गटाराच्या कामाला जेसीबी आला आणि दोन्ही लाइन एकदम गेल्या. बाहेर जाऊन बघतो तर दोन्ही केबल एकाच चरात, शेजारी शेजारी तुटलेल्या. गेटवर दोन गाड्या भरून उभ्या. परराज्यात जाणारा ५० हजारांच्या वरचा माल, ई-वे बिल (जीएसटीचा वाहतुकीचा ऑनलाइन कागद) नसेल तर गाडी हलवायची कशी? शेवटी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बिलं काढली. आणि संध्याकाळी मेहुणे शेठसमोर म्हणतात, "आयटीवाल्याने आधी सांगायला नको का?" सांगितलं होतं. मेल आहे. अजून जपून ठेवलाय.

मग अँटेना आली. (पाइप, क्लॅम्प, सिमेंट धरून जो खर्च झाला, त्यापेक्षा जास्त मेहुण्यांनी दिवाळीच्या मिठाईवर केला असेल.)

पुढे एकदा फायबर बंद, तरी राउटर दुसऱ्या लाइनवर जाईना. चूक माझीच. लाइन चालू आहे का हे बघायला तो कंपनीच्या मोडेमला पिंग करत होता, म्हणजे हाक मारून उत्तराची वाट बघत होता. मोडेम टेबलावरच, तो उत्तर देणारच! बंद पडलं होतं त्याच्या पलीकडे. तपासणी नेहमी बाहेरच्या पत्त्यावर ठेवा, ८.८.८.८ (गूगलचा) आणि १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) दोन्ही, आणि प्रत्येक लाइनची त्याच लाइनमधून. मग महिन्यातून एकदा स्वतः वायर उपटून बघा. भर कामाच्या वेळी, रविवारी नाही.

राउटर म्हणाल तर २५ जणांना टीपी-लिंकचा ईआर६०५ पुरतो. मायक्रोटिक कंपनीचा राउटर चालवता येत असेल तर तो. लोड बॅलन्सिंगच्या, म्हणजे दोन्ही लाइन एकाच वेळी वापरायच्या, मोहात पडू नका. मधेच आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) बदलला की बँकेची साइट लॉगआउट करते. एक लाइन चालू, दुसरी राखीव, बस.

हो, राखीव लाइन सिमकार्डाची असेल तर बहुतेक वेळा बाहेरून आत येता येत नाही, कारण पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, मिळत नाही. घरून ऑफिसच्या टॅलीत शिरणारे अडकतील. मोडेम, राउटर, स्विच तिन्ही यूपीएसवर हवेत. आणि टॉवरलासुद्धा खालून फायबरच गेलेलं असू शकतं, तेव्हा अँटेनावाल्यालाही तोच प्रश्न विचारा. हे मी त्या मेलमध्ये लिहिलं नव्हतं, मेहुण्यांना सांगू नका.