जनरेटर नंतर, आधी विहिरीवर कप्पी बसवा

ताई, तुम्ही म्हसळ्याजवळ दोन एकर झाडीची जागा घेतली आहे. ऐन, किंजळ, साग, सात-आठ जुने आंबे, खालच्या अंगाला पंचवीस-तीस पोफळी (सुपारीची झाडं) आणि एक बांधीव विहीर. डोंगराच्या पायथ्याला सपाटी काढून घर बांधायचं आणि पुण्याची नोकरी सोडून दोघांनी कायमचं राहायला यायचं, असा बेत. पावसाळ्यात आठ-दहा दिवस सगळ्यांशी संबंध तुटला तर जनरेटर बरा की सोलर, आणि धान्य किती भरायचं, हा तुमचा प्रश्न.

जनरेटरचं सांगतोच, पण त्याआधी ३ जून २०२० सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर. निसर्ग वादळ येणार हे दोन दिवस आधी कळलं होतं. मी मोठ्या तयारीचा माणूस. इन्व्हर्टर चार्ज, टाकी भरलेली, टॉर्चमध्ये नवे सेल, फ्रीजमध्ये मासळी. दुपारी साडेबाराच्या पुढे वारा चढत गेला. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा म्हणजे काय ते आकड्यावरून कळत नाही. पोफळी आधी वाकतात, मग मधूनच काड्या मोडाव्यात तशा मोडतात, आणि तो आवाज वाऱ्याच्या आवाजातूनही वेगळा ऐकू येतो. तीन तासांत साडेतीनशेपैकी सत्तर उभ्या राहिल्या. घरावरची निम्मी कौलं गेली. आम्ही पाचजण माजघरात जात्याच्या कोपऱ्यात बसून होतो.

टाकी तिसऱ्या दिवशी संपली. विहिरीत पाणी खाली स्वच्छ दिसतंय, आणि वर काढायला साधन नाही! आजोबांच्या वेळी बैलांचं रहाटगाडगं होतं, मग ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटर. तरी हाताने पाणी शेंदायची कप्पी होती. २००९ साली पाण्यातली मोटर बसवली तेव्हा विहिरीवर जाळी टाकायला आड येते म्हणून कप्पीची लाकडं मीच कापली आणि लोखंड भंगारात दिलं. आमच्याकडे वीज चौतिसाव्या दिवशी आली. तोवर आळीतली अकरा घरं पलीकडच्या काकूंच्या विहिरीवर पाणी भरत होती. त्यांनी मोटर कधी बसवलीच नव्हती, पैसे नव्हते म्हणून. मी त्यांना त्याआधी दोन-तीनदा मोटरचा सल्ला दिला होता, त्याची आठवण त्यांनी करून दिली नाही, एवढा त्यांचा चांगुलपणा.

म्हणून पहिलं काम कप्पी. कठड्यावर दोन खांब, आडवं लोखंडी पाइप, बेअरिंगची कप्पी, पोहरा आणि दोर. दोर काथ्याचा किंवा जाड सुती घ्या. नायलॉनचा ओला दोर हात कापतो आणि निसटतो. कप्पी बसवली की महिन्यातून एकदा मोटर बंद ठेवून दिवसभराचं पाणी हाताने काढा. पहिल्या दिवशी खांदे भरून येतील, आणि दोघांना दिवसाला खरोखर किती पाणी लागतं ते तेव्हाच कळेल.

दुसरी गोष्ट, भरलेली विहीर म्हणजे पिण्याचं पाणी नव्हे. वादळात पालापाचोळा, मेलेले पक्षी, शेणखताच्या खड्ड्यातलं वाहून आलेलं पाणी सगळं आत जातं. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, घरात ठेवा आणि विहिरीचं माप आत्ताच काढून भिंतीवर लिहून ठेवा. समजा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर उभं आहे, तर साधारण २८ हजार लिटर झालं. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने १४० ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत ओतायची नाही. बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, आणि ती बादली दोराला बांधून विहिरीत खाली-वर हलवा. तासभर पाणी काढू नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायचं द्रावण असतं. पाण्यात थेंब टाकला की पिवळसर रंग यायला हवा. पावडरची पिशवी उघडी राहिली तर दोन-तीन महिन्यांत तिच्यात दम उरत नाही, तेव्हा दरवर्षी मे महिन्यात नवी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. त्यावरही पाणी उकळून प्यायचं.

पावसाचं पाणी विसरू नका. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर शंभर चौरस मीटरचं असेल तर १०० मिलिमीटरच्या दिवशी, आणि आपल्याकडे असे दिवस मोजायचे नसतात, दहा हजार लिटर पाणी पन्हळीतून वाहून जातं. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुवायला सोडा, मग पन्हळीखाली टाकी ठेवा. भांडी, कपडे, संडासाला ते पुरतं आणि विहिरीवरचा भार हलका होतो.

आता झाडी. विकत घेताना तुम्हाला झाडी आवडली असणार, मलाही आवडली असती. पण घराच्या छपराच्या टप्प्यात उभं असलेलं प्रत्येक मोठं झाड हा मे महिन्यातला प्रश्न आहे. झाडाची उंची डोळ्याने मोजा आणि ते कुठल्या बाजूला पडेल ते बघा. खोडाला पोकळी, बुंध्याशी अळंबी, एका बाजूला झुकलेली जड फांदी, पायथ्याची माती उचललेली, यातलं काहीही दिसलं तर माणूस बोलवा. फांद्या हलक्या करणं वेगळं आणि झाड तोडणं वेगळं. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं आहेत, परवानगीशिवाय तोडली तर जागा तुमच्या नावावर असूनही गुन्हा होतो. अर्ज दिवाळीनंतर लगेच करा. मेमध्ये केलेला अर्ज गणपतीत हातात येतो.

वादळानंतर पडलेल्या झाडाचं मात्र मी जास्त बजावून सांगेन, कारण वादळातून वाचलेली माणसं त्यापुढच्या आठवड्यात जखमी होताना पाहिली आहेत. शेजारच्या वाडीतला फणस मुळासकट आडवा झाला होता, मुळांची थाळी माणसापेक्षा उंच उभी. दोघं भाऊ चेन सॉ घेऊन बुंध्याजवळ कापायला लागले. खोड सुटलं तसा मुळांचा गड्डा दाणकन पुन्हा खड्ड्यात बसला. पाच मिनिटं आधी त्यांचा मुलगा त्या खड्ड्यात उतरून कोयती शोधत होता. आडव्या झाडाच्या मुळांमागे आणि खड्ड्यात कुणीही नको. वाकून दबलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते, ती कापणाऱ्याच्या तोंडावर येते. वाटेपुरतं मोकळं करा, बाकीचं रोज करणाऱ्या माणसावर सोपवा. आणि झाडाखाली तार असेल तर वीज गेलेली आहे असं समजून हात लावू नका. कुणाच्या तरी घरचा जनरेटर चालू असतो.

जनरेटर इथेच घेतो. घ्या, पण चेंजओव्हर स्विचशिवाय (बाहेरची लाइन तोडून घर जनरेटरवर घेणारा खटका) घराच्या वायरिंगला जोडू नका. नाहीतर तुमची वीज उलटी लाइनमध्ये जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. पडवीतही ठेवू नका, धूर घरात शिरला तर झोपेतली माणसं उठत नाहीत. शिवाय पेट्रोल पंपालाही वीजच लागते. वादळानंतर कॅन घेऊन रांगेत उभे राहिलेले आम्ही सगळे जनरेटरवालेच होतो. सोलरचं म्हणाल तर शंभर वॅटचं पॅनल आणि लहान बॅटरी एवढंच घ्या. जुलैच्या ढगात त्यावर दोन दिवे, दोन मोबाइल आणि रेडिओ चालतो, आणि खरी गरज तेवढीच असते. पॅनल छपरावर कायमचं ठोकण्यापेक्षा वारा येण्याआधी उतरवून घरात घेता येईल असं बसवा. मोठी सोलर यंत्रणा हौस म्हणून बसवा, भरवसा म्हणून नको.

धान्याचं फार मनावर घेऊ नका. कोकणात पावसाळ्याआधीच्या या भरणीला आगोट म्हणतात आणि घरोघरी ती होतेच. तांदूळ, कुळीथ, वाल, कडवे, मीठ, गूळ, तेल, चहा, सुकट-बोंबील-सोडे, आमसुलं, कांदे माळेने टांगलेले. दोन महिन्यांचं भरा, उरलं तर गणपतीत पाहुणे आहेतच. दुसरा सिलेंडर ठेवा, पण चूलही ठेवा. लाकडं पाऊस लागायच्या आत मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, रचलेली हवीत, जमिनीपासून हातभर उंच. नारळाची सोडणं आणि करवंट्या वेगळ्या पोत्यात, ओल्या हवेत चूल पेटते ती त्यांच्यावर. रोजची औषधं कुणाला असतील तर जूनपासून दीड महिन्यांची हातात असू द्या.

कौलारू घर बांधणार असाल तर दोनशे कौलं जास्तीची आणून मागच्या पडवीत रचून ठेवा. जाड ताडपत्री पूर्ण छपराच्या मापाची, दोरासकट. निसर्गच्या दुसऱ्या दिवशी पाऊस सुरू झाला आणि तालुक्यात ताडपत्री मिळेना. भिजलेलं भात आम्ही तव्यावर परतून वाळवलं.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं ते मला खटकलं, आणि मी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं: डोंगराच्या पायथ्याला सपाटी काढून घर. ताई, हे बांधकाम सुरू व्हायच्या आत थांबवा. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास वर महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गेली, तिथे तर मदतकार्याला माणसं डोंगर चढून पायी गेली, यंत्र वर नेता येईना. उतार तासून सपाटी काढली की वरच्या मातीचा आधार जातो, आणि झाडी आहे म्हणून माती धरून राहील हा भरवसा अशा पावसात पुरत नाही. जेसीबीवाला सांगेल काही होत नाही, तो काम संपवून जातो. घर उतारापासून लांब, पऱ्यापासूनही (ओढ्यापासून) वर आणि बाजूला घ्या. जागा तशी नसेलच तर भूगर्भाची जाण असलेला माणूस आणून दाखवा, पैसे जातील ते जाऊ देत.

आणि घर कुठेही असलं तरी पावसात या खुणा बघत जा: वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग, सरळ झाडं किंवा खांब तिरके होणं, कोरड्या जागी अचानक झरा, नेहमीचं नितळ पाणी एकाएकी लाल गढूळ होणं, दार चौकटीत अडकायला लागणं. यातलं एक दिसलं तर रात्रीची वाट बघायची नाही. कागदपत्रांची पिशवी, औषधं, टॉर्च घेऊन ओळखीच्या सुरक्षित घरी जायचं. ते घर कुणाचं, आणि तिकडे जाणारी वाट साकवावरून (ओढ्यावरच्या लहान पुलावरून) जाते का, हे आत्ता ठरवा. साकव पाण्याखाली गेल्यावर ठरवून उपयोग नाही. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ दाराच्या मागे खडूने लिहा, मोबाइल बंद पडला की पाठ नसलेले नंबर गेलेच.

साप-विंचवाचं थोडक्यात. झाडीच्या जागेत, विशेषतः जांभ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात) फुरसं हा विषारी साप असणारच. रात्री टॉर्चशिवाय खळ्यात, म्हणजे अंगणात, पाऊल नाही, लाकडं उचलताना आधी काठी. चावलं तर वर दोरी आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे ते मेमध्ये जाऊन विचारून या, दरवर्षी. लाल विंचवाला कमी लेखू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करेपर्यंत आपल्याकडे विंचवाने धडधाकट माणसं दगावत. आताही वेळेवर पोहोचलात तरच त्याचा उपयोग.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही. या मोसमात कप्पी, टीसीएल, घराच्या जागेचा निर्णय आणि छपराच्या टप्प्यातली झाडं, एवढंच करा. आणि घर होईपर्यंत ज्या जुन्या घरात राहणार आहात त्याचं छप्पर शाकारायचं असेल तर शाकारणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा. एप्रिल अर्धा उलटला की तो कुणालाच मिळत नाही, आणि मिळाला तर आधी काकूंच्या घरी जातो.