वाचकांचे प्रश्न : साहेब गेले, पेन्शनचे काय झाले?

प्रश्न : माझे आजोबा १९४७ मध्ये नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. इंग्रज अधिकारी जाताना भरपाई घेऊन गेले आणि आजोबांना छदामही मिळाला नाही, असे आमच्या घरात नेहमी बोलले जाते. यात तथ्य किती?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तथ्य आहे, पण निवृत्तिवेतन आणि भरपाई यांची गल्लत होऊ देऊ नये. निवृत्तिवेतन झालेल्या सेवेपोटी देय असते. भरपाई उरलेली नोकरी बुडाल्याबद्दल मिळते. ३० एप्रिल १९४७ रोजी जाहीर झालेल्या योजनेनुसार पहिल्याची जबाबदारी भारत सरकारने घेतली आणि दुसरीचा भार ब्रिटिश सरकारवर राहिला. ही योजना आयसीएस (इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे वरिष्ठ मुलकी सेवा), इंडियन पोलिस अशा, भारतमंत्र्यांनी म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांनी नेमलेल्या सेवांसाठी होती. आपले आजोबा प्रांतिक सरकारचे नोकर होते आणि त्यांची नोकरी पुढे चालूच राहिली, त्यामुळे त्यांच्या बाबतीत भरपाईचा प्रश्नच उद्भवला नाही.

आयसीएसमधील भारतीयांनाही, काही अपवाद वगळता, भरपाई मिळाली नाही. स्वदेशाची सेवा करण्याची संधी मिळत असताना नुकसान कसले, ही सरदार पटेलांची भूमिका होती व ती आम्हाला रास्त वाटते. मात्र वेतन आणि निवृत्तिवेतनाचा शब्द मोडू नये यासाठी हेच पटेल ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधान सभेत ठामपणे उभे राहिले. त्यातून आलेले अनुच्छेद ३१४ पुढे १९७२ मध्ये रद्द झाले.

आयसीएसचे निवृत्तिवेतन वर्षाला एक हजार पौंड, म्हणजे रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स या दराने १३,३३३ रुपये ५ आणे ४ पै! पौंडांतल्या अशा देण्यांची तरतूद म्हणून भारताने १९४८ मध्ये ब्रिटनकडे साचलेल्या आपल्याच स्टर्लिंग (पौंडांतील) शिलकीतून सुमारे १६.८ कोटी पौंड मोजून वर्षासने, म्हणजे दरवर्षी ठरावीक रक्कम मिळण्याचे हक्क, विकत घेतली.

आजोबा १९५६ नंतरही नोकरीत असतील, तर त्यांच्या दृष्टीने राज्य पुनर्रचना कायद्याचे कलम ११५ अधिक महत्त्वाचे. नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले तेव्हा, केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती त्यांना तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत, असे बंधन त्या कलमाने घातले होते.

प्रश्न : ब्रिटनने १९९७ साली हाँगकाँग चीनच्या हवाली केले, तेव्हा तेथील पेन्शन आणि भरपाईचे काय केले?
– एक निवृत्त लेखाधिकारी, महाल, नागपूर

उत्तर : तत्त्व तेच होते. तेथील मूलभूत कायद्याच्या (हाँगकाँगच्या जणू घटनेच्या) अनुच्छेद १०२ नुसार निवृत्तांचे निवृत्तिवेतन, त्यांचे राष्ट्रीयत्व वा वास्तव्य कोठलेही असो, नवे प्रशासन देते. परदेशी अधिकाऱ्यांच्या भरपाईसाठी आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या पौंडांतील मूल्याच्या हमीसाठी ब्रिटनने १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्याआधी आफ्रिकेतील वसाहती सोडताना भरपाईचे कोष्टक वयावर बेतलेले असे आणि चाळिशीच्या आसपासच्या अधिकाऱ्यास सर्वाधिक रक्कम मिळे. तरुणाला दुसरी नोकरी मिळू शकत होती, वयस्काची निवृत्ती जवळ आलेली असे. मधल्याची मात्र दोन्हीकडून पंचाईत.