उत्तर : त्सुबाकीचे तेल, मालिश आणि ‘कोतेन हान्नो’

नमस्कार. आपण लिहिले आहे की ऑक्टोबरमध्ये पुण्याहून टोकियोला आल्यापासून नडगीवरची त्वचा पांढरी पडून तडकू लागली आहे, रात्री खाज सुटते, आणि स्टेशनजवळच्या एका दुकानातून आपण ‘पारंपरिक जपानी तेल-मालिश’चे काइसूकेन, म्हणजे आगाऊ पैसे भरून दहा वेळांचा पास, घेतला आहे. दुसऱ्या मालिशीनंतर पायांवर पुरळ उठले, तेव्हा तिथल्या बाईंनी ‘हे बरे होण्याचे लक्षण आहे, आता थांबू नका’ असे सांगितले. हे वाक्य वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले, कारण नऊ वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत ते मला सांगण्यात आले होते आणि मी ते खरे मानले होते.

मी डॉक्टर नाही. पुढे जे लिहिते आहे ते माझ्या पायांवरून आणि इथल्या वास्तव्यातून शिकलेले आहे, तेवढेच त्याचे वजन धरावे. थंडीत मॉइश्चरायझर लावावे, गरम हवेच्या झोतासमोर बसू नये, या गोष्टी आपल्याला ठाऊक असतीलच. त्या सोडून देते.

अशा दुकानांत ज्याला ‘कोतेन हान्नो’ म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ ‘चांगल्या दिशेने पालटताना येणारी प्रतिक्रिया’ असा आहे. शरीरातली घाण बाहेर पडते आहे, म्हणून आधी थोडे बिघडणारच, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. आपल्याकडेही ‘उष्णता बाहेर पडते आहे’ असे म्हणण्याची सवय असल्यामुळे मला तो लगेच पटला. माझ्या तिसऱ्या मालिशीनंतर नडगीवर, प्रत्येक केसाच्या मुळाशी, मोहरीएवढे लाल दाणे आले होते. चौथ्या वेळी मालिश करणाऱ्या बाईंनी ते पाहून समाधानाने मान हलवली आणि आणखी जोर लावून चोळले. पाचव्या मालिशीनंतरच्या सकाळी मोजे काढताना ते पायाला चिकटलेले निघाले, कारण त्वचेतून पाणी झिरपून रात्रभरात वाळले होते. तेव्हा कुठे मी हिफुकात, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांकडे, गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तेल लावणे कधी थांबवलेत?’ आणि मला ‘अजून थांबवलेले नाही’ असे उत्तर द्यावे लागले. पुढे पाठीवर पट्ट्या लावून दोन दिवसांनी तपासले, तेव्हा सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला त्वचा लाल झाली. जखमा भरायला सहा आठवडे लागले आणि तपकिरी डाग जूनच्या पावसापर्यंत टिकले. पहिल्या दाण्यांपाशी थांबले असते तर हे सारे आठवड्याभरात आटोपले असते. लाली, खाज किंवा पुरळ आले की तेल आणि मालिश त्याच दिवशी बंद करावी, समोरची व्यक्ती कितीही अनुभवी वाटली तरी.

आता ‘पारंपरिक’ या शब्दाविषयी, कारण आपण त्याच शब्दावर विसंबून पास घेतला असावा आणि मीही तसाच घेतला होता. जपानमध्ये तेलाची परंपरा जुनी आहे आणि मालिशीचीही जुनी आहे, परंतु त्या दोन वेगळ्या परंपरा आहेत. त्सुबाकी, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचे तेल, इझू ओशिमा आणि नागासाकीकडच्या गोतो बेटांवर आजही काढले जाते. ते मुख्यतः केसांना लावण्याचे तेल होते, त्वचेलाही थोडे लावत आणि त्यात तळतही असत. अंग धुण्यासाठी एदो काळात (सतरावे ते एकोणिसावे शतक) नुकाबुकुरो वापरत, म्हणजे तांदळाचा कोंडा भरलेली छोटी सुती पिशवी ओली करून ती अंगावरून फिरवत. आपल्या उटण्याशी तिचे नाते चटकन लक्षात येते. आन्मा, म्हणजे इथली जुनी मालिश, मात्र कपड्यांवरूनच, कोरड्या हातांनी करतात. सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्यांनी अंधांना सुया टोचून उपचार करण्याचे आणि आन्माचे शिक्षण देण्याची व्यवस्था उभी केली, आणि पुढे कित्येक पिढ्या हा अंधांचा मानाचा व्यवसाय राहिला. शिआत्सुमध्येही, म्हणजे बोटांनी दाब देण्याच्या पद्धतीतही, तेल लागत नाही. उघड्या त्वचेवर हात फिरवण्याची पाश्चात्त्य मालिश मेइजी काळात (१८६८–१९१२) आली. म्हणून कोमट त्सुबाकीच्या तेलाने सर्वांग चोळण्याला कोणी ‘शेकडो वर्षांची जपानी पद्धत’ म्हणत असेल, तर माझ्या मते तो दोन जुन्या गोष्टींना मारलेला नवा टाका आहे. त्याने आराम वाटू शकतो, हे मी नाकारत नाही. फुटलेल्या त्वचेवरचा उपचार म्हणून तो घेऊ नये, एवढेच म्हणते.

आन्मा, मालिश आणि शिआत्सु यांचा व्यवसाय करण्यासाठी इथे १९४७ च्या कायद्याखाली परवाना लागतो. त्यासाठी किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा असते. ‘रिलॅक्सेशन’ किंवा ‘मोमिहोगुशी’ (चेपून अंग मोकळे करणे) अशी पाटी असलेल्या दुकानांतून काम करणाऱ्यांकडे तो असेलच असे नाही. परवाना दाखवण्याची विनंती केल्यास कोणाला राग येत नाही, आणि आला तर आपले उत्तर आपल्याला मिळाले, असे समजावे.

पैशांचे मी फार मनाला लावून घेतले होते, म्हणून तेही लिहिते. त्वचा सुधारण्यासाठी घेतलेली सेवा एक महिन्याहून अधिक मुदतीची आणि ५०,००० येनांहून अधिक किमतीची असेल, तर करार आठ दिवसांत विनाअट रद्द करता येतो आणि नंतरही ठरावीक रक्कम कापून मधूनच सोडता येतो. माझा दहा वेळांचा पास ४८,००० येनांचा होता. ज्या कार्यालयात मी दाद मागायला गेले तिथे हा फरक मला तीन वेळा समजावून सांगण्यात आला, एक पत्रक देण्यात आले, आणि समोर बसलेल्यांपैकी एकानेही माझ्या पायांची चौकशी केली नाही. त्या दिवशी मी बँडेज बांधून दोन गाड्या बदलून गेले होते. माझीही चूक होती : मी केवळ परताव्याचे विचारले, इजा झाल्याचे स्वच्छ शब्दांत सांगितलेच नाही. आपण १८८ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन कराल तेव्हा पहिल्याच वाक्यात पुरळ उठल्याचे आणि ‘थांबू नका’ असे सांगितले गेल्याचे सांगा. पासाची किंमत नंतर.

घरी तेल वापरायचे असेल तर पुरळ पूर्ण बरे झाल्यावरच वापरावे. बाटलीच्या मागे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. मला लावलेल्या बाटलीवर पुढे कॅमेलियाचे मोठे फूल होते, मागे मात्र पहिला घटक खनिज तेल होता, त्सुबाकी सहावे होते आणि शेवटी ‘कोर्यो’, म्हणजे सुगंध. निव्वळ त्सुबाकीच्या तेलावर एकच घटक असतो. त्यातही ओलेइक आम्ल (तेलातले एक मेदाम्ल) पुष्कळ, सुमारे ८५ टक्के, असते आणि जळजळलेल्या किंवा एक्झिमाच्या त्वचेला ते मानवेलच असे नाही, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस थेंबभर लावून पाहावे. आंघोळीचे पाणी ४२ अंशांवरून ४० वर आणा, नायलॉनचा घासणीसारखा टॉवेल टाकून द्या, अंग टिपून ओलसर असतानाच दोन्ही नडग्यांना मिळून चार-पाच थेंब तळव्यांनी दाबून लावा. चोळू नका. दिवाळीच्या अभ्यंगासारखे तेल माखून टबात बसू नये. पाणी फिरवून तापवणाऱ्या टबात ते तेल नळ्यांत जाते. तेलाने माखलेले टॉवेल धुतल्यानंतरही गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालू नयेत, उरलेले तेल तापून आपोआप पेट घेऊ शकते आणि इथे अशा आगी लागलेल्या आहेत. घोड्याच्या चरबीचे ‘बायू’ही दुकानांत त्याच फळीवर असते, आपण शाकाहारी असाल तर पाहून घ्यावे.

परंतु हे सगळे नंतरचे. उद्या सकाळी हिफुका गाठा; आरोग्य विम्यात आपल्याला साधारण ३० टक्केच भरावे लागतात, आणि कोरड्या त्वचेसाठी हेपारिनॉइडचे (ओलावा टिकवणारे) मलम किंवा पांढरे व्हॅसलीन तिथेच लिहून मिळते. जाताना दुकानातल्या तेलाच्या बाटलीचा, विशेषतः मागच्या बारीक अक्षरांचा, फोटो सोबत न्या. माझ्याकडे तो नव्हता, आणि डॉक्टरांना तीन आठवडे अंदाजाने चालावे लागले.