साखळीचे खडखडणारे गोळे, आणि पावतीची गोष्ट

तुम्ही गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या बंद चिरेखाणीतून गोटीपासून नारळापर्यंतच्या आकाराचे गोल दगड आणलेत. काही हलवले की आत खडखडतात. जीवाश्माच्या आशेने बरेच फोडून झाले, पिवळ्या भुकटीशिवाय हाती काही नाही. आता विचारताय की उरलेल्यांपैकी कुठले फोडावेत, आणि काही दगड एखाद्या सरकारी कार्यालयात 'तपासायला' देऊन यावेत का. पहिल्याचं उत्तर थोडक्यात देता येतं. दुसरा प्रश्न वाचला आणि माझं जुनं दुखणं वर आलं, त्यामुळे तिथे थोडं ऐकून घ्यावं लागेल.

आधीच सांगतो, मी भूवैज्ञानिक नाही, वकील तर नाहीच. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं तमिळनाडूत अरियलूरला काढली, तिथे या नादाला लागलो, एवढंच.

तुमच्या गोळ्यांत जीवाश्म नाहीत. एकातही नाही. उन्हापावसात मूळ खडक जागच्या जागी कुजला की त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून जाते आणि लोह, अ‍ॅल्युमिनियम मागे राहतं. तोच आपला जांभा. हे लोह ओल्या-सुक्या ऋतूंत जागा बदलतं, कुठेतरी साकळतं, थरावर थर चढतात. बाहेरचं कवच घट्ट होतं, आतला मऊ गाभा वाळून आकसतो आणि कवचापासून सुटतो. खडखडतो तो हा सुटलेला गाभा, आणि भुकटी म्हणजे लिमोनाइट, लोहाचं गंजासारखं पिवळं खनिज. बरं, जांभ्याखाली तरी काय आहे? गोव्याचा बहुतेक खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आगेमागे तयार झालेला, वर दाबला-तापवला गेलेला. शंखशिंपले असलेले प्राणी मुबलक व्हायला लागले ते ५४ कोटी वर्षांपूर्वी. हिशोबच जुळत नाही. सत्तरी तालुक्याच्या ईशान्य कोपऱ्यात, चोर्ला घाटाच्या बाजूला बेसाल्ट आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या पोकळ्यांत स्फटिक मिळतात, दिसतात सुंदर, पण ते स्फटिकच.

गोव्याशी नातं असलेला आणि आत खरोखर एखाद्या जीवाचा अवशेष सापडू शकणारा गोळा हवाच असेल तर तो समुद्राच्या तळाशी आहे. १९८१ च्या २६ जानेवारीला 'गवेषणी' जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून मँगनीजचे पहिले गोळे वर आणले, आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पुढे त्यांच्यावर मोठं काम झालं. हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि कधी कधी त्यांच्या गाभ्यात शार्कचा जुना दात असतो. पण ते काही आपण पिशवीत घालून आणणार नाही.

ज्यात जीवाश्म मिळतो ते काँक्रीशन वेगळं. चिखलात प्राणी मेला, सूक्ष्मजीव त्याला कुजवायला लागले की आजूबाजूच्या पाण्याचं रसायन बदलतं आणि कॅल्साइट (चुन्याचं खनिज) किंवा सिडेराइट (लोहाचं खनिज) त्याच्याभोवती जमायला लागतं, बेदाण्याभोवती लाडू वळावा तसं. भोवतालचा चिखल नंतर दाबला जाऊन शेल होतो, गोळा मात्र आधीच घट्ट झालेला असल्याने आतला प्राणी चपटा होत नाही. म्हणून गाळाचा खडक हवा, शेल किंवा चिकणमातीचा. तुमच्या घरी शाळिग्राम असेल तर तो हाच प्रकार: नेपाळात मुक्तिनाथच्या बाजूच्या काळ्या जुरासिक शेलमधून सुटून काली गंडकीच्या पात्रात आलेला गोळा, आणि चक्र म्हणजे अमोनाइट या नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याच्या वेटोळ्या कवचाचा ठसा. (देव्हाऱ्यातला फोडायचा नाही, हे सांगायला नको.)

आता दुसरा प्रश्न. माझं मत एका वाक्यात: लेखी पावती मिळत नसेल तर दगड कुठल्याही टेबलावर ठेवू नका, मग टेबलामागे कितीही मोठी पाटी असो.

झालं असं. अरियलूरजवळ कारई नावाचं गाव आहे, तिथे मैलोन्मैल उघडी, ओघळींनी चिरलेली चिकणमाती. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ तो. जिप्समच्या शिरा उन्हात चमकतात, बेलेम्नाइट या माखळीसारख्या नामशेष प्राण्याच्या बोटभर कांड्या पडलेल्या दिसतात आणि मधूनमधून गोळे. त्या बाजूच्या एका शेतमालकाच्या परवानगीने आणलेला एक गोळा फ्रीजरमध्ये फुटला (त्याचं पुढे सांगतो) आणि अगदी स्वच्छ दोन भाग झाले. एका भागात अमोनाइट वर आलेला. दुसऱ्यात त्याचा खळगा, पण खळग्याच्या कडेला कवचाचा एक तुकडा चिकटून राहिलेला आणि त्यावर कवचाच्या आतल्या कक्षांच्या भिंतींच्या नागमोडी रेषा. अमोनाइट ओळखायचा तर या रेषा फार महत्त्वाच्या. म्हणजे दिसायला देखणा पहिला भाग, पण कामाचा दुसरा.

तो मी एका कार्यालयात नेला. कुठल्या, ते विचारू नका, खासगी निरोप पाठवूनही नाही. गोव्यातलं नव्हतं, एवढं सांगतो. साहेबांनी भिंग लावून पाहिलं, 'इंटरेस्टिंग' म्हणाले, आणि दुसरा भाग 'संदर्भासाठी' ठेवून घेतो म्हणाले. पावती मागितली. "आम्ही काय पळून चाललोय का?" असं उत्तर मिळालं. खूपच आग्रह धरला तेव्हा एका जाड वहीत लिहिलं गेलं: 'दगड, १ नग'. जागेचं वर्णन, तारीख, शेतमालकाचं नाव लिहिलेली माझी चिठ्ठी त्यांनी दगडाबरोबरच घेतली, आणि तिची प्रत काढू देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण झेरॉक्सवाला जेवायला गेला होता.

पुढे साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, वहीत तर 'दगड' लिहिलंय, इथे दगड शेकड्यांनी आहेत. शिपायाने कपाट उघडून एक गोळ्याचा तुकडा आणून दिला, 'हाच तुमचा'. रंगही वेगळा. माझ्याकडच्या भागाला लावून दाखवला, दोन्ही कडा एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हत्या. तरी म्हणे, 'वाळला असेल'. दहा कोटी वर्षं जो वाळला नाही तो यांच्या कपाटात वाळला! माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपये भरून. मुदतीत उत्तर आलं, ते मात्र कौतुकास्पद: 'संबंधित नमुन्याची नोंद अभिलेखात आढळून येत नाही.' वही होती तीही अभिलेखात नव्हती, बहुतेक.

नंतर एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांना पहिला भाग दाखवला. भला माणूस, तासभर वेळ दिला. शेवटी म्हणाले, रेषा दिसत नाहीत आणि मूळ चिठ्ठी नाही, तेव्हा कुळापलीकडे काही सांगता येणार नाही. तो भाग आता माझ्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे 'वा' म्हणतात.

म्हणून, द्यायचंच असेल तर असं. फुटलेल्या गोळ्याच्या दोन्ही भागांवर आधी कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, वाळल्यावर बारीक पेनाने एकच क्रमांक लिहा, त्याला अ आणि ब जोडा. दोन्ही भागांचे फोटो शेजारी पट्टी ठेवून, तिरप्या उजेडात. जागेची चिठ्ठी तुमच्या वहीत राहणार, त्यांना तिची नक्कल. अर्ज दोन प्रतींत, त्यात क्रमांक, वजन आणि 'परत मिळावा' हे शब्द, आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. आणि दोन्ही भाग एकाच वेळी कधीच नाही. शक्य असेल तर दगड नेऊच नका, फोटो न्या. ज्याला खरंच रस आहे तो स्वतःच म्हणेल, 'प्रत्यक्ष पाहायला हवा'. सगळी कार्यालयं अशी असतात असं नाही. मला भेटलं ते असं होतं.

आता बाकीचं, जसं आठवेल तसं.

फ्रीजर. शेलमधला गोळा थेट हातोड्याने फोडला की तो कुठेही फुटतो, जीवाश्मामधूनसुद्धा. त्यापेक्षा काही दिवस पाण्यात भिजवा, प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट फ्रीजरमध्ये ठेवा, गोठला की काढून वितळू द्या, परत ठेवा. पाणी बारीक भेगांत शिरून गोठतं, फुगतं, आणि गोळा त्याच्या कमजोर पातळीवर उघडतो. बहुतेकदा तीच जीवाश्माची पातळी असते. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मेझन क्रीकचे सिडेराइटचे गोळे हौशी लोक असेच उघडतात. किती वेळा करायचं ते गोळ्यावर. आमच्याकडे हा कार्यक्रम बांगडा माशांच्या शेजारी चालायचा आणि घरातून त्याला स्पष्ट विरोध होता, तेव्हा जुना फ्रीज मिळाला तर बघा. जांभ्याच्या गोळ्यांवर हे करू नका, नुसती वीज जाळाल.

हातोडा वापरायचाच तर सुताराचा नको, त्याचं पोलाद ठिकऱ्या उडवतं. चष्मा म्हणजे बंद बाजूंचा गॉगल, नेहमीचा नंबरचा नव्हे. यावर वाद नको.

आम्ल. गोळा चुन्याचा आहे का ते पाहायला टोकाने थोडी पूड खरवडा आणि त्यावर माडाच्या विनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर चुना. इथपर्यंत ठीक. पण पूर्ण गोळा आम्लात बुडवून 'आपोआप' जीवाश्म निघेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बहुतेक शिंपलेही चुन्याचेच असतात, तेही विरघळतात. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड तर घरात नकोच. चिकटवायला ते झटपट चिकटणारं इवलंसं ट्यूबवालं नको, ते चुकीचं बसलं तर बसलंच. अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ वापरा, चुकलं तर अ‍ॅसिटोननेच सुटतं.

गोव्यातल्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पायराइट, लोह आणि गंधकाचं खनिज. बाहेरून आणलेल्या काळ्या गोळ्यांत सोनेरी चमक असेल तर ती बहुधा पायराइटची, आणि आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत ते सडतं. पांढरी-पिवळी पूड येते, आंबूस वास येतो, त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि चिठ्ठीपासून डब्यापर्यंत सगळं खातं. मिरगाच्या आधी असे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत. पुठ्ठ्याचे खोके नकोत, कसर आणि वाळवी दोन्ही आनंदाने येतात.

फोडायच्या आधी बाहेरून पाहण्याची सवय लावा. चंद्रपूरच्या पिसदुऱ्याला गोल, वेडेवाकडे दगड मिळतात, ते स्वतःच जीवाश्म आहेत: डायनासोरांची विष्ठा. अशा विष्ठेतच गवताच्या सिलिकेचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये कळलं की डायनासोरांच्या काळात गवत होतं. कुणी हौसेने फोडून 'आत काही नाही' म्हणून फेकले असतील तर? मला तर विचार करूनच त्रास होतो.

गोव्यात कुठे जाऊ नये तेही सांगतो, कारण तुम्ही खाणीच्या ढिगांचा उल्लेख केलाय. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला लीज रद्द झाली, म्हणून ढीग बेवारस झाले असं समजू नका. शिवाय पावसानंतर ते ढासळतात. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं तर सोडाच, साध्या सरकारी जंगलातला दगडसुद्धा भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत वनउपज धरला जातो. (नक्की काय लागू होतं ते वकिलाला विचारा.) आणि कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत, तिथे हातोडा पिशवीतून बाहेरही काढू नका.

खरंच गोळे शोधायचे असतील तर एक सुट्टी अरियलूरला काढा. तिकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो आणि ओघळी नवा माल उघडा करतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जा. एप्रिलमध्ये गेलात तर दगडांआधी तुम्हीच भाजाल. जवळच सातनूरला अठरा मीटरहून लांब दगड झालेलं झाडाचं खोड आहे, तिथे हात मागे बांधून फक्त बघायचं. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा आणि मोडक्या तमिळमध्ये का होईना, त्याचं नाव आणि गावाचं नाव त्याच्याचकडून वहीत लिहून घ्या. वही तुमच्याकडेच राहील.